कोंडिविट्याची लेणी कशी पाहावीत

साकीनाक्यावर दिवसभर वाहनांची रीघ लागलेली असते. डोक्यावरून मेट्रो धावते, दोन्ही बाजूंना कारखाने आणि उंच इमारती. अशा ठिकाणी कोणी 'येथे दोन हजार वर्षांपूर्वीचे काही पाहावयास मिळेल काय?' असे विचारले, तर ती थट्टाच वाटेल. परंतु तेथून वायव्येस थोड्याच अंतरावर, पूर्व अंधेरीत, कोंडिविट्याची टेकडी आहे. तिच्यात एकोणीस बौद्ध लेणी कोरलेली आहेत. जवळच्या देवस्थानावरून लोक त्यांना महाकालीची लेणी म्हणतात.

फ्रान्समधील आविन्यों नगरास गेलेला प्रवासी चौदाव्या शतकातील पोपचा प्रासाद पाहण्यासाठी निवांत वेळ राखून ठेवतो आणि हाती नकाशा घेऊन दालनामागून दालन हिंडतो. कोंडिविट्यास आलेला मनुष्य मात्र पुष्कळदा पाव तासात बाहेर पडतो व म्हणतो, "यात पाहावयाचे ते काय? नुसत्या रिकाम्या खोल्या!" हा दोष लेण्यांचा नव्हे, पाहण्याच्या रीतीचा आहे.

तेथे शक्य तो सकाळी जावे. बरोबर पिण्याचे पाणी व एक लहान विजेरी असावी. पावसाळ्यात खडक निसरडा होतो, म्हणून पायांत घट्ट बसणारी पादत्राणे हवीत. टेकडीच्या आग्नेय अंगास पंधरा व वायव्य अंगास चार लेणी आहेत. त्यांतील नववे लेणे आधी पाहावे.

हे चैत्यगृह आहे. पुढे सपाट छताचे लांबट दालन आणि त्याच्या टोकास एक गोल खोली, अशी त्याची रचना आहे. खोलीला मधोमध दार असून दोन्ही बाजूंस दगडातच कोरलेल्या जाळीच्या खिडक्या आहेत. आत स्तूप आहे. येथे घाई करू नये. डोळे अंधारास सरावेपर्यंत स्वस्थ उभे राहिले, म्हणजे या खोलीच्या गोल भिंतीचा बाहेर आलेला फुगवटा हळूहळू ध्यानात येतो आणि समोर जणू एखादी कुडाची झोपडीच आहे असे वाटते. बिहारमधील बराबर टेकडीवर अशोकाच्या काळातील अशाच घाटाची लेणी आहेत. लाकडाच्या व गवताच्या घराची आठवण कारागिरांनी दगडात जपली, ती ही अशी. बुद्धमूर्ती येथे मागाहून आल्या. त्यांपैकी बऱ्याच आज भग्न आहेत.

खिडकीजवळ ब्राह्मी अक्षरांत एक लेख आहे. गौतम गोत्रातील एका ब्राह्मणाने आपल्या भावासह विहार दान दिल्याचे तो सांगतो. ब्राह्मणाने बौद्ध भिक्षूंसाठी विहार द्यावा, ही त्या काळाविषयी केवढी मोठी माहिती आहे! आणि ती कळते ती या थोड्या अक्षरांमुळेच. लेख पाहताना विजेरीचा प्रकाश तिरपा टाकावा. उथळ अक्षरेही त्याने उठून दिसतात. अक्षरांवर खडू फिरवू नये, पाणी ओतू नये, बोटही लावू नये. हा खडक ज्वालामुखीतून बाहेर पडलेले दगडांचे तुकडे एकत्र जखडून झालेला आहे. तो मुळातच ठिसूळ. वारा-पाऊस त्याला झिजवीतच असतात. त्यात माणसाच्या हाताची भर पडली, तर गेलेले अक्षर पुन्हा मिळावयाचे नाही.

यानंतर इतर लेण्यांतील 'रिकाम्या खोल्या' पाहाव्यात. त्या भिक्षूंच्या निवासाच्या आहेत. बाहेर खडकात खोदलेली पाण्याची टाकी शोधावीत. पावसाचे पाणी साठविल्यावाचून टेकडीवर वर्षभर राहणे कोणासही साधले नसते.

भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावेही दिसतात. कोणी म्हणेल, ही खोड जुनीच आहे. खरे आहे, कान्हेरीच्या एका लेण्यात इ. स. 1009 व 1021 या वर्षी आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेविली आहेत. परंतु त्या काळी ते लेणे कोणी संरक्षित ठेवलेले नव्हते. आज कोंडिविट्याचे रक्षण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आहे आणि तेथे काही कोरणे हा अपराध आहे.

कान्हेरी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. तेथे शंभरांहून अधिक लेणी आहेत, म्हणून ती वेगळ्या दिवशी पाहावीत. कोंडिविट्याचा गोल खोलीतला स्तूप मनात ठेवून जो कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात शिरेल, त्याला तेथील खांबांच्या रांगा आणि पडवीतल्या सुमारे सात मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती पाहून मधल्या काळात किती बदल झाला, हे कोणी न सांगताच कळेल.