पुन्हा पहिल्यासारखं कधी होणार?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध 1, अध्याय 8 ते 10. वेळ कमी असेल तर निदान आठव्या अध्यायातली कुंतीची प्रार्थना तरी वाचा.

मार्च 2020 मध्ये 21 दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला, तेव्हा आपण सगळ्यांनी मनात एक हिशेब मांडला होता. एकवीस दिवस घरात बसायचं, आणि मग सगळं पहिल्यासारखं. पण जुलै 2021 उजाडला तरी ते संपलं नव्हतं. मधे एक लाट ओसरली, दुसरी आली. मे 2021 मध्ये देशात एका दिवसात चार लाखांवर रुग्ण सापडल्याचे आकडे आपण पाहिले. मुंबईची लोकल तेव्हाही सर्वांसाठी सुरू नव्हती. देवळांची दारं एप्रिल 2021 पासून पुन्हा बंद होती. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका 2020 च्या आषाढीला एसटीने पंढरपूरला गेल्या, 2021 मध्येही एसटीनेच गेल्या. सलग दुसऱ्या वर्षी वाट होती, पण चालणारे नव्हते.

त्यामुळे ऑनलाईन सत्संगात कुठलाही विषय असो, शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं की हाच प्रश्न यायचा. कधी संपणार हे? आयुष्य नॉर्मल कधी होणार?

तारीख भागवतात मिळणार नाही. पण एका भयंकर काळातून बाहेर पडलेल्या घराची गोष्ट मात्र तिथे आहे. त्या घरात सगळं 'पहिल्यासारखं' झालं, त्या दिवशी नेमकं काय घडलं, ते आज बघूया.

युद्ध संपलं त्या दिवशी

आठवा अध्याय सुरू होतो तो गंगेच्या काठावर. युद्ध संपलंय. राज्य परत मिळालंय. आणि पांडव, द्रौपदी, घरातल्या सगळ्या बायका गेलेल्यांना पाणी द्यायला नदीवर आल्या आहेत. पाणी देतात, रडतात, पुन्हा पाण्यात उतरतात. विजयाचं वर्णन इथून सुरू होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या काळात कित्येकांना आपल्या माणसाला शेवटचं पाणीसुद्धा नीट देता आलं नाही. लांबून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या देहाला नमस्कार करून परतावं लागलं. त्यांनी हे पान जरूर वाचावं. भागवत त्यांच्या रडण्याला कमी लेखत नाही.

यानंतर कृष्ण द्वारकेला निघतो. रथात बसणार, एवढ्यात उत्तरा धावत येते. अश्वत्थाम्याचं अस्त्र तिच्या पोटातल्या बाळावर आलंय. ती म्हणते, माझं काही झालं तरी चालेल, बाळ वाचव. कृष्ण त्या गर्भाचं रक्षण करतो. तोच पुढे परीक्षित.

इथे थोडं थांबूया. युद्ध 'संपलं' होतं ना? तरी धोका शिल्लक होताच. उत्तरेने 'जे नशिबात असेल ते होईल' असं म्हटलं नाही. ती धावली, मदत मागितली. म्हणून लस घेणं, मास्क लावणं, मन फारच खचलं असेल तर डॉक्टरांकडे जाणं, यात श्रद्धा कमी पडते असं समजू नका. रक्षण मागणं हे शरणागतीचंच अंग आहे.

कुंतीचं विचित्र मागणं

आता सगळं खरोखर निवळलंय. कृष्ण पुन्हा निघतो. आणि कुंती पुढे येते.

ती आधी एक यादी सांगते. भीमाला घातलेलं विष, लाक्षागृहाची आग, नरभक्षक राक्षस, ती द्यूतसभा, वनवासातले हाल, युद्धातली एकेक अस्त्रं, आणि आत्ता हे अश्वत्थाम्याचं अस्त्र. या सगळ्यांतून तू आम्हाला वाचवलंस. आणि मग जे मागते ते ऐकून कुणीही दचकेल. ती म्हणते, तशी संकटं आमच्यावर पुन्हा पुन्हा येऊ देत, कारण त्या वेळी तू दिसत होतास.

हे वाक्य आपण कीर्तनात, प्रवचनात खूपदा ऐकतो आणि मान डोलावतो. पण ते कोणत्या क्षणी म्हटलंय तिकडे बघा. तेरा वर्षं वनवास आणि अज्ञातवास, त्यानंतर युद्ध, आणि आता कुठे घर थाऱ्यावर आलंय. मुलगा राजा झालाय. आपण ज्याला 'नॉर्मल' म्हणतो ते कुंतीच्या दारात आलंय, आणि त्याच वेळी कृष्ण रथात बसून निघालाय. तिला ते दिसतंय. संकट होतं तेव्हा हा जवळ होता, आता सुख आलं आणि हा चालला.

लगेच पुढच्याच श्लोकात ती कारण सांगते. मोठं कूळ, सत्ता, विद्या, रूप यांचा माज वाढत गेला की माणसाला तुझं नाव घेता येत नाही. तू भेटतोस तो ज्याच्याजवळ आपलं म्हणण्यासारखं काही उरलं नाही त्याला.

आता आपल्याकडे वळूया. एप्रिल 2020 मध्ये काय चाललं होतं आठवतंय? कित्येक घरांत वर्षानुवर्षांनी संध्याकाळी सगळे एकत्र बसून हरिपाठ म्हणत होते. कुणी पहिल्यांदा गीता हातात घेतली. बाजूच्या फ्लॅटमधल्या आजी-आजोबांना औषधं आणून देताना त्यांचं नाव पहिल्यांदा कळलं. गावी निघालेल्या मजुरांसाठी पोळ्या करून देणाऱ्या सोसायट्या होत्या. मग जरा निर्बंध सैल झाले, कामाच्या मीटिंगा वाढल्या, आणि हरिपाठ आधी आठवड्यातून दोनदा, मग एकादशीला, मग... तुम्हीच सांगा.

म्हणून 'पहिल्यासारखं कधी होणार' असं विचारताना, पहिल्यासारखं म्हणजे नक्की काय, हेही एकदा विचारायला हवं. 8:12 ची लोकल पकडताना चेंगरून जाणं? रात्री दहाला घरी येऊन आईशी दोन शब्द न बोलता फोन बघत झोपणं? त्यात खूप काही चांगलंही होतं. मित्र होते, कट्टा होता, देवळातला घंटेचा आवाज होता, वारी होती. ते परत यायला हवंच होतं. पण सगळंच जसंच्या तसं परत आलं तर त्या दीड वर्षात जे उमगलं ते रथात बसून निघून जाईल.

आणि एक नीट समजून घ्या. कुंतीला संकटाची आवड नाही. प्रार्थनेच्या शेवटाकडे ती खरं मागणं मागते. गंगेचा प्रवाह जसा न अडता समुद्राकडे जातो, तसं माझं मन दुसरीकडे न वळता तुझ्याकडे वाहत राहो. म्हणजे तिला तो हवा आहे. संकटात तो भेटत होता, एवढंच ती अनुभवाने सांगते.

आणखी एक. ही प्रार्थना कुंतीने स्वतःसाठी केली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या दारात जाऊन तिने हे सांगितलं नाही. ज्याचे वडील ऑक्सिजनची वाट बघत गेले, त्याला व्हॉट्सॲपवर 'संकटातच देव भेटतो' असं पाठवायचं नसतं. स्वतःच्या दुःखाबद्दल जे म्हणता येतं ते दुसऱ्याच्या दुःखाबद्दल म्हणता येत नाही.

ज्याला परत मिळूनही मिळालं नाही

याच अध्यायात पुढे युधिष्ठिर येतो. तो निघालेल्या कृष्णाला अडवतो. सगळं मिळालेला हा माणूस आतून पार मोडलाय. माझ्या एका देहासाठी एवढी माणसं मेली, असं तो म्हणतो. प्रजेच्या रक्षणासाठी युद्ध करणाऱ्या राजाला पाप लागत नाही, असं शास्त्र सांगतं. तेही त्याला माहीत आहे, पण त्याच्या मनाला ते पटत नाही. आणि भागवत अगदी प्रामाणिकपणे नोंदवतं की व्यासांनी समजावलं, साक्षात कृष्णाने समजावलं, तरी त्याचं दुःख गेलं नाही.

हे वाचून मला नेहमी धीर येतो. कृष्णाच्या शब्दांनीसुद्धा एखाद्याचं दुःख लगेच जात नाही, तर आपल्या चार वाक्यांनी कसं जाईल?

आज आपल्या आजूबाजूला असे बरेच युधिष्ठिर आहेत. 'मीच ऑफिसातून घरी आणला का?' 'बेडसाठी अजून दोन फोन केले असते तर?' 'रेमडेसिविर एक दिवस आधी मिळालं असतं तर?' त्यांना कुणी सांगितलेलं असतं की यात तुझा दोष नाही. तेही डोक्याने मान्य करतात. पण रात्री तोच विचार परत येतो. अशा माणसासाठी लोकल सुरू झाली, ऑफिस उघडलं, तरी 'पहिल्यासारखं' होणार नाही. जेवणाच्या टेबलावरची एक खुर्ची रिकामीच राहणार.

मग कृष्ण काय करतो? रागावत नाही. 'तुला गीता सांगून काय उपयोग झाला' असं अर्जुनाच्या भावाला म्हणत नाही. सगळे मिळून शरशय्येवरच्या भीष्मांकडे जातात, आणि कृष्णही अर्जुनाबरोबर रथातून तिथे जातो. ज्याचं तेज सगळ्यांना माहीत आहे तो बाजूला थांबतो आणि बोलण्याची जागा म्हाताऱ्या आजोबांना देतो.

भीष्म सुरुवात कशी करतात तेही बघा. धर्म, राजनीती सगळं नंतर. आधी डोळ्यांत पाणी आणून ते म्हणतात की तुमच्यावर फार अन्याय झाला, फार कष्ट काढलेत तुम्ही. लहान मुलं पदरात घेऊन विधवा झालेल्या कुंतीचे हालही ते आठवतात. आधी दुःख मान्य केलं, मग ज्ञान सांगितलं. हा क्रम आपण फार वेळा उलटा करतो.

निघायची घाई नसलेला कृष्ण

आणि आता दहाव्या अध्यायातली एक छोटीशी गोष्ट. वाचताना ती सहज नजरेतून सुटते. कृष्ण लगेच द्वारकेला गेला नाही. आप्तांचा शोक हलका व्हावा आणि बहिणीला, सुभद्रेला, बरं वाटावं म्हणून तो काही महिने हस्तिनापुरातच राहिला.

सुभद्रेचा अभिमन्यू गेला होता. कृष्ण तिचा दादा. तिथे त्याने काय उपदेश केला, हे भागवत त्या श्लोकात सांगत नाही. तो राहिला, एवढंच सांगतं. द्वारकेत त्याचीही कामं होतीच, त्याचीही वाट बघणारे होते. त्याचं स्वतःचं 'नॉर्मल' त्याने काही महिने पुढे ढकललं.

मला वाटतं, आपल्या प्रश्नाला भागवताचं उत्तर इथे आहे. असा काळ कधी संपेल ते आपल्या हातात नसतं. पण एक दिवस तो संपतो. रस्ते भरतात, आषाढीला पुन्हा पायी दिंड्या निघतात, आपण टाळ घेऊन नाचतो. त्या दिवशी आपण किती घाईने पुढे निघून जातो, ते मात्र आपल्या हातात आहे. ज्यांना त्या वेगाने चालता येणार नाही त्यांच्यासोबत थोडं मागे राहणं, हे कृष्णाने स्वतः करून दाखवलंय.

आजची साधना

1. वही काढा आणि दोन रकाने करा. एकात, जुन्या आयुष्यातलं काय परत यावंसं वाटतं ते लिहा. दुसऱ्यात, त्या दीड वर्षात मिळालेलं काय सुटू नये असं वाटतं ते. दुसऱ्या रकान्यातली एकच गोष्ट निवडा आणि तिची रोजची वेळ आजच ठरवून टाका, अगदी दहा मिनिटं का असेना.

2. ज्यांच्या घरी कुणी गेलं त्यांच्यातल्या एकाला आज फोन करा. मेसेज नको, फोनच. उपदेश करू नका. गेलेल्या माणसाची एखादी आठवण विचारा आणि ऐका. आणि पुढच्या महिन्यातल्या याच तारखेला पुन्हा फोन करायचा, असा रिमाइंडर लावून ठेवा.

3. तुम्हीच ते युधिष्ठिर असाल, तर आज काही करायचं नाही. नाम जमलं तर घ्या, नाही जमलं तर कुणीतरी घेत असेल तिथे नुसते बसा.

प्रार्थना

विठ्ठला, हे दिवस सरू देत. आजारी आहेत त्यांना बरं कर, त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ दे. आमचं घर, काम, रस्ते पुन्हा गजबजतील तेव्हा त्या गर्दीत तुझं नाव हरवू देऊ नकोस. आणि जे मागे राहतील त्यांच्याजवळ थांबायला आम्हाला वेळ दे, धीर दे.

राम कृष्ण हरी! 🙏