अनुदान खेकड्याला, खाजणाला नव्हे

वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी यांच्या खाड्यांकाठी ज्यांचं खाजण आहे, त्यांना मी एकच गोष्ट बजावून सांगेन. कांदळवनाला सरकारी अनुदान आहे म्हणजे जमीन राखण्याचे पैसे मिळतील, असं धरून चालू नका. राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना २०१७ सालची. तिच्यात गटाच्या प्रकल्पाचा ९० टक्के आणि वैयक्तिक प्रकल्पाचा ७५ टक्के खर्च शासन उचलतं. पण हा खर्च खेकडापालन, कालवंपालन, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन अशा धंद्यांचा. तुमच्या सातबाऱ्यातल्या तिवरांचं गुंठ्यामागे भाडं त्यात कुठेच नाही.

भातशेतीची तिवरं कशी होतात, हे खाडीकाठी कोणाला सांगायला नको. उघाडीची झडप भरतीच्या रेट्याने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, तोवर खाजण पिकतं. झडप कुजली किंवा बांधाला खांड पडलं की खारं पाणी आत शिरतं आणि त्याबरोबर तिवराच्या बियाही येतात. पुढे रोपं वाढली की प्रश्न शेतीचा उरत नाही, कायद्याचा होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनाची तोड आणि त्यावरचा भराव यांना मनाई केली. जमीन खाजगी आहे, हा बचाव तिथे चालत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांनी भातखाचरं वगळली आहेत खरी, पण तिवरांनी व्यापलेलं खाचर त्या सवलतीच्या आधारे मोकळं करता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग ही झाडं म्हणजे शेतकऱ्याच्या गळ्यातलं लोढणंच. ते पूर्ण खरं नाही. बांधाबाहेरची तिवरं लाटांचा जोर मोडतात, म्हणून बांध टिकतो. आणि खाडीतल्या माशांची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात. दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे: लाभ साऱ्या किनाऱ्याचा, मग तोटा एकट्या मालकाचा का? अमेरिकेत १९९० पासून पाणथळ जमीन राखणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला देण्याची सोय आहे. त्या बदल्यात तो कायमचं किंवा तीस वर्षांचं बंधन लिहून देतो. आपल्याकडेही ही मागणी जोर लावून केली पाहिजे. पण ती मान्य होईल या भरवशावर आज बांध मोडू देणं परवडणारं नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. बांध शासकीय योजनेतला असेल तर खांड पडताच खारभूमी कार्यालयाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खाजगी असेल तर हिस्सेदारांनी पहिल्याच उधाणानंतर वर्गणी काढावी. तिवरं आधीच उगवली असतील तर कोयता लावू नका, आधी वनखात्याला विचारा. अनुदान घ्यायचंच असेल तर गावच्या गटातून घ्या, आणि स्वतःचा हिस्सा, बीज कुठून येणार, माल कोण उचलणार, हे आधी ठरवा. खेकडा कात टाकल्यावर मऊ असतो, तेव्हा शेजारचा खेकडाच त्याला खातो. लपायला जागा केली नाही तर बीज सरकारी पैशाचं असूनही हाती थोडंच लागतं. शासन खर्चाचा वाटा देतं, तोट्याचा देत नाही.