दगडाची जबानी

पुणे,
कार्तिक वद्य पंचमी

चि. श्रीधर यास,

तुझे पत्र पावले. नवीन मत्स्यपेटीसाठी नदीकाठचे टोपलीभर दगड वेचून आणल्यावर, ते पाण्यात सोडण्यापूर्वी तुला माझा अभिप्राय घ्यावासा वाटला, याचे मला विशेष कौतुक वाटते. कारण तुझ्या वयाचा असताना मी कोणालाच विचारले नव्हते, आणि त्याचा दंड मुक्या जीवांनी भरला. अंगणातल्या कामातून उरलेल्या शहाबादी फरशीच्या तुकड्यांची गुहा मी मोठ्या हौसेने पेटीत रचली. परंतु शहाबादी म्हणजे चुनखडक, आणि माशांच्याच श्वासातून मिसळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने किंचित आम्ल झालेले पाणी तो चुना तीळतीळ विरघळवते व त्यायोगे पाण्याचा जडपणा आणि सामू दोन्ही चढत जातात, हे ज्ञान मला झाले ते ॲमेझॉनच्या मृदू पाण्याचे मूळ रहिवासी असलेले माझे निऑन टेट्रा एकामागून एक निस्तेज होऊ लागल्यावर.

सबब, रूपावर भुलून कोणत्याही दगडास प्रवेशाची सनद देऊ नये. आधी त्याची जबानी घ्यावी. दगड साबण न लावता नुसत्या ब्रशाने घासून वाळव, त्याचा कोपरा फोडून ताज्या भागावर शिरक्याचे चार थेंब टाक, आणि बुडबुडे उठले तर तो चुन्याचा आहे असे समज. मात्र काही दगड इतके सावकाश बोलतात की डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून शिरक्याने निर्दोष ठरवलेले दगडही पंधरा दिवस बादलीत भिजत ठेवून पाण्याचा सामू व जडपणा आधी आणि नंतर मोजावा. दगड उकळण्याच्या फंदात मात्र पडू नकोस. आत कोंडलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटल्याचे दाखले आहेत.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण बहुधा निर्धोक असतो. तथापि त्याच्या पोकळ्यांत जे पांढरे स्फटिक दिसतात, ते कधी निरुपद्रवी झिओलाइटचे, तर कधी विरघळणाऱ्या कॅल्साइटचे असल्यामुळे, त्यांची चौकशी स्वतंत्रपणे करावी. गारगोटी व ग्रॅनाइट चालतील. झरणारा जांभा, शंखशिंपले, आणि धातूसारख्या चकाकणाऱ्या शिरांचे दगड वगळावे. घाटावरचा शेंदूर फासलेला दगड तर कदापि उचलू नये. श्रद्धेचा मान राखण्यासाठी जसा, तसाच शेंदरात शिसे असते म्हणूनही.

रचना करताना जड दगड आधी तळाशी पक्के बसवून मग वाळू पसरावी. नाहीतर वाळू उकरणारे मासे स्वतःवरच डोंगर पाडून घेतात.

इतके लिहूनही चुनखडकाविषयी माझ्या मनात आकस नाही. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे मासे जड, अल्कधर्मी पाण्यातच सुखी असतात, आणि त्यांच्या पेटीत हाच दगड उपकारक ठरतो. माझ्या त्या गुहेतला एक तुकडा आजही मेजावर कागद दाबून ठेवण्याची चाकरी इमानाने बजावत आहे. या पत्राचे पहिले पान आत्ता त्याच्याच खाली आहे.

तुझा,
काका