‘विथ’ आणि मराठीतील ‘ने’

‘विथ’ म्हणजे ‘सह’ असा एकच अर्थ फळ्यावर लिहून देण्याचा प्रघात आहे. वाचनपाठ त्यावर निभावतो. रचनेच्या तासाला मात्र मुले अडखळतात. ‘शेतकऱ्याने काठीने साप मारला’ या वाक्यात ‘ने’ दोनदा आला आहे; पहिला कर्त्याचा, दुसरा साधनाचा. कर्मणी रचनेत इंग्रजी भाषा कर्त्यास ‘बाय’ व साधनास ‘विथ’ योजते : द स्नेक वॉज किल्ड बाय द फार्मर विथ अ स्टिक. परंतु ‘मी बसने आलो’ येथे बस हे साधनच असूनही ‘बाय बस’ असे म्हणावे लागते. तेव्हा ‘आय केम विथ बस’ लिहिणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो; तो आपल्या तृतीया विभक्तीशी इमान राखीत असतो. अशा वहीवर नुसती तांबडी रेघ ओढणे मला अन्यायाचे वाटते. ‘थंडीने कुडकुडणे’ याला ‘शिव्हर विथ कोल्ड’ म्हणतात, तेथे हाच ‘ने’ त्याला तारतो. ‘अ मॅन विथ अ बिअर्ड’ म्हणजे मात्र दाढीवाला माणूस. तेथे ‘सह’ घातल्यास हसेच होईल.

प्राचीन इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. सोबतीसाठी ‘मिड’ हा निराळा शब्द असे. प्रतिकारवाचक ‘विदस्टँड’मध्ये तो जुना अर्थ अद्याप टिकून आहे. म्हणूनच ‘ही फॉट विथ हिज ब्रदर’ याचे भावाशी लढला व भावाच्या जोडीने लढला, असे दोन्ही अर्थ संभवतात. मुलांना हे नवल वाटू लागले, तर मराठीत मैत्री, सोयरीक आणि भांडण कोणत्या प्रत्ययाने होते, हे त्यांनाच विचारावे. तिन्हींना ‘शी’च लागतो.