पुरस्काराची फाईल

माझी ३२ वर्षांची नोकरी, त्यातली शेवटची ९ आस्थापनेच्या टेबलावर. उत्कृष्ट कर्मचाऱ्यांचे प्रस्ताव माझ्या हातून वर जायचे. आता सांगलीत विश्रामबागला राहतो, सकाळी गणपती मंदिरापर्यंत फिरून येतो. वाटेत जुने सहकारी भेटतात आणि अजून विचारतात, “भाऊसाहेब, त्या वर्षी माझं नाव का गेलं नाही?” त्यांच्यासाठी हे. कार्यालय कुठलं ते मात्र विचारू नका.

१. अर्ज मागवले की तीच नावं येतात. परिपत्रक फिरल्यावर दोन दिवसांत फाईल घेऊन हजर होणारे ठरलेले असत. सुबक टंकलेखन, रंगीत फोटो, स्पायरल बायंडिंग. पहिली तीन वर्षं मी त्या बायंडिंगलाच भुललो. मग साहेबांना म्हटलं, यंदा आपणच शाखाशाखांत फिरू आणि एवढंच विचारू: कोण रजेवर गेलं की तुमचं अडतं? प्रत्येक शाखेनं न अडखळता एकेक नाव सांगितलं. त्यातलं एकही आमच्या यादीत नव्हतं.

२. टळलेल्या नुकसानीचा फोटो निघत नाही. ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं कार्यालय तेव्हा नदीकडच्या भागात. अभिलेख कक्षातल्या शिपायानं २००५ चा पूर पाहिला होता. कोयनेचा विसर्ग वाढल्याचं कानावर आलं तसं त्यानं कुणाच्या आदेशाची वाट न बघता दोन पोरं हाताशी धरली आणि तळमजल्यावरचे गठ्ठे रात्रीत माडीवर चढवले. तिसऱ्या दिवशी त्या खोलीत छातीएवढं पाणी.

पुढच्या वर्षी मी त्याचा प्रस्ताव करायला बसलो. नमुन्यात रकाना होता, ‘कामापूर्वीचे व कामानंतरचे छायाचित्र’. काय जोडणार? गठ्ठे आधीही कोरडे, नंतरही कोरडे. ज्यांचं दप्तर भिजलं आणि ज्यांनी ते गच्चीवर वाळत घातलं, त्यांच्याकडे मात्र फोटोंची रास. आमचा प्रस्ताव परत आला. शेरा: ‘फलनिष्पत्ती स्पष्ट होत नाही.’ दुसऱ्या खेपेला मी भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेषेचा फोटो लावला आणि त्या रेषेखालच्या मांडणीवर पुराआधी काय काय होतं त्याची यादी जोडली. यादीत सगळ्यांची सेवापुस्तकं होती, खुद्द साहेबांचंसुद्धा. मग मंजुरी आली.

३. एकाचंच नाव निवडणं कधी कधी अन्यायाचंच असतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. कृष्णेचं पाणी त्या वाघिणींत जाईपर्यंत किती पंपचालक, फिटर आणि रेल्वेचे गँगमन राबले असतील? यातला ‘उत्कृष्ट’ कोण ते मला कुणी ठरवायला सांगितलं असतं, तर मी रजा टाकली असती.

लोकप्रशासनातल्या उत्कृष्ट कामासाठीच्या पंतप्रधान पुरस्कारात हा विचार थोडाफार आहे. त्याचे २० लाख रुपये जिल्ह्याला किंवा संस्थेला मिळतात, ते कामावरच खर्चायचे. तो देतात नागरी सेवा दिनाला, २१ एप्रिलला. १९४७ साली त्याच तारखेला सरदार पटेल दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये नव्या प्रशासकीय अधिकाऱ्यांशी बोलले होते. अधिकाऱ्यांचा दिवस झाला. बारनिशीत बसणाऱ्या कारकुनाचा दिवस कुठला, ते मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.

४. सगळ्यांच्या गोपनीय अहवालात ‘अत्युत्कृष्ट’ लिहिणाऱ्या साहेबाचं फार कौतुक करू नये. त्याला भांडण नको असतं, इतकंच.

५. मलाही एकदा पुरस्कार मिळाला. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र. पेन्शनची रखडलेली प्रकरणं निकाली काढली म्हणून. ती काढली होती शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी. त्या कंत्राटी, नियमात बसेनात. साहेब म्हणाले, शाखेचा मान जायला नको, तुमचं नाव घाला. मी घातलं. नारळ त्यांना नेऊन दिला. “बरं झालं भाऊसाहेब, संकष्टीला होईल,” म्हणाल्या आणि पुन्हा फाईलीत डोकं घातलं. प्रशस्तिपत्र कपाटात आहे. भिंतीवर लावायचा धीर झाला नाही.

६. नऊ वर्षांत तक्रारींचे गठ्ठे बांधले, नागरिकांची कौतुकाची पत्रं आली चार. त्या चारांपैकी तिघांची निवड झाली, कारण बाहेरच्या माणसाच्या कागदापुढे समितीला बोलता येत नाही. तेव्हा तुमचं काम कुणी हेलपाटे न घालायला लावता केलं असेल, तर त्याच्या कार्यालयाला पत्र लिहा. नाव, तारीख, काय काम केलं. तीन ओळी पुरेत. आणि आवक शाखेतून पोच घ्यायला विसरू नका.