भिवंडीचे गोदाम आणि औषधाची सवीर्यता

वैद्याने सांगितलेले औषध रुग्णाच्या हाती पडेपर्यंत कोणत्या वाटेने जाते, याचा विचार करण्याची वेळ पूर्वी फारशी येत नसे. रसशाळा, घाऊक व्यापारी, गावातील आयुर्वेदीय औषधांचे दुकान आणि रुग्ण अशी ती सरळ साखळी होती. मोबाइलवरून होणाऱ्या खरेदीने या साखळीत एक नवे ठिकाण आणले. मुंबई-ठाणे परिसरातील रुग्णांच्या बाबतीत ते ठिकाण पुष्कळदा भिवंडी असते. प्रस्तुत लेखात या नव्या व्यवस्थेचा केवळ औषधाच्या सवीर्यतेच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

भिवंडी म्हटले की यंत्रमागांची खडखड आठवते. मात्र मुंबई-नाशिक महामार्ग जवळ आणि मुंबईच्या जकात नाक्यांच्या बाहेरची जागा, यामुळे माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या गावांच्या शेतजमिनींवर गोदामे आधीपासूनच उभी राहू लागली होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकातही गेली. तेव्हा जकातीचे कारण संपले म्हणून गोदामे ओस पडतील असे वाटणे स्वाभाविक होते. घडले उलटे. निरनिराळ्या राज्यांत लहान लहान साठे ठेवण्याची करविषयक गरज उरली नाही आणि मोजक्या ठिकाणी मोठे साठे ठेवणे सोयीचे झाले. २०१८ पासून मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आले. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या कंपन्यांची गोदामे भिवंडी परिसरात आहेत. यंत्रमागाच्या धंद्याला उतरती कळा लागली असताना नव्या पिढीतील अनेकांच्या हाती धोट्याऐवजी स्कॅनर आला. कापसाच्या तंतूंनी होणाऱ्या कास-श्वासाबरोबरच रात्रपाळीच्या जागरणातून उद्भवणारे वातप्रकोपाचे विकार तेथील वैद्यांनी पाहावेत, हे ओघानेच आले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या गोदामांची कार्यपद्धती फार्मसीचालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे. दुकानदार आपल्या फडताळात त्रिफळा चूर्ण कोठे आहे हे लक्षात ठेवतो. मोठ्या गोदामात ते संगणक लक्षात ठेवतो. प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. कामगार मिळेल त्या मोकळ्या कप्प्यात माल ठेवतो आणि वस्तूचा व कप्प्याचा बारकोड स्कॅन करतो. मागणी आली की यंत्र त्याला योग्य कप्प्याकडे पाठवते. ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढावा, असा नियमही संगणकाला देता येतो. व्यवस्था उत्तम आहे. परंतु ती मुदत संगणकाला कळते कशी?

येथेच खरी अडचण आहे. आपल्या डब्यांवर जो नेहमीचा उभ्या रेघांचा बारकोड असतो, त्यात फक्त उत्पादनाची ओळख असते. बॅच नंबर आणि मुदत त्यात नसतात. मार्चमध्ये केलेले अविपत्तिकर चूर्ण आणि त्याआधी वर्षभर केलेले अविपत्तिकर चूर्ण स्कॅनरच्या दृष्टीने एकच. माल उतरवून घेताना कोणी तरी डब्यावरील बारीक अक्षरे वाचून मुदत हाताने नोंदवावी लागते. नोंद चुकली की पुढची सर्व अचूकता त्या चुकीवरच उभी राहते.

आता शास्त्राकडे वळू. शार्ङ्गधराने चूर्णाची सवीर्यता २ महिने आणि गुटिका व अवलेह यांची १ वर्ष सांगितली आहे. घृत-तैलांचा काळ ४ महिने की १६ महिने, याविषयी मतभेद आहेत. आसव, धातू व रस मात्र जुने झाल्याने गुणवान होतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील १६१-ब या नियमात चूर्णास २ वर्षे आणि आसवारिष्टास १० वर्षे मुदत दिलेली आढळते. हवाबंद वेष्टनाचा विचार करता २ महिन्यांचे २ वर्षे होणे समजू शकते. पण ही मुदत वेष्टन टिकेल आणि साठवण योग्य असेल हे गृहीत धरूनच आहे. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याची उष्णता आणि मागाहून कोकणपट्टीच्या पावसाळ्याची आर्द्रता सोसलेल्या डब्यातील चूर्णाचा विचार तक्त्यात कोठून येणार? संगणकातील तारीख दोन्ही डब्यांना सारखीच दिसते. शिवाय आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो, विक्रीस लागत नाही. त्यामुळे आधुनिक औषधांच्या विक्रेत्यावर साठवणुकीबाबत परवान्याच्या अटींचा जो धाक असतो, तो येथे नाही. या सवलतीचा आपल्याला नेहमी अभिमान वाटत आला आहे. तिची ही दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

आधुनिक औषधांपैकी ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर १ ऑगस्ट २०२३ पासून बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत व परवाना क्रमांक असलेला क्यूआर कोड सक्तीचा झाला. आपल्याला ती सक्ती नाही. तरीही लहान फार्मसीलाही असा चौकोनी कोड छापणे आज अवघड राहिलेले नाही. गोदामाच्या यंत्रणेने तो वाचावा म्हणून मात्र आधी त्या कंपनीशी बोलून घ्यावे लागेल. तोपर्यंत एका खोक्यात एकच बॅच भरावी, खोक्यावर मुदत मोठ्या अक्षरांत लिहावी, पावतीवर प्रत्येक ओळीत बॅच नंबर द्यावा आणि चूर्णे थोडी थोडी पाठवावीत. आणखी एक प्रयोग करण्यासारखा आहे. प्रत्येक बॅचचा नमुना आपण राखून ठेवतोच. पावसाळा संपल्यावर त्याच बॅचचा डबा सामान्य ग्राहकाप्रमाणे मोबाइलवरून मागवावा आणि वर्ण, गंध, रस व जलांश यांची राखीव नमुन्याशी तुलना करावी. खर्च एका डब्याचा आहे.

वैद्यांच्या दृष्टीने अधिक गंभीर बाब अनुसूची ई-१ मधील विषद्रव्यांची आहे. त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ व हिंगूळ आहेत, आरोग्यवर्धिनीत पारद आहे. अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत, अशी सूचना डब्यावर असते. आयुष मंत्रालयाने २०१६ मध्ये आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये, नोंदणीकृत चिकित्सकाचे व्यवस्थापत्र असल्याशिवाय ती ऑनलाइन विकू नयेत, असे बजावले. तरीही जुन्या चिठ्ठीचे छायाचित्र पुन्हा पुन्हा वापरणारे रुग्ण असतात. व्यवस्थापत्रावर दिनांक, मात्रा आणि किती दिवसांसाठी हे स्पष्ट लिहिल्यास त्याला काहीसा आळा बसेल. रुग्णाने औषध कोठून घेतले हे विचारून बॅच नंबरासह केसपेपरवर नोंदवावे. गुण आला नाही तर मात्रा वाढवण्यापूर्वी तो डबा मागवून उघडून पाहावा.