अर्ध्या वाक्याचा दाखला

दाखल्याचे मोल तो सहज मिळणाऱ्यास कळत नाही. ते कळते तो नाकारला गेलेल्यास. रहिवासाच्या वा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सरकारी कार्यालयात खेपा घालणारा माणूस हे जाणतो. युद्धकाळात तर एका कागदावर साऱ्या कुटुंबाचे जगणे अवलंबून राहते. दुसऱ्या महायुद्धात लिथुआनियामध्ये घडलेली एक हकीगत या दृष्टीने शासकीय सेवक, शिक्षक व लोकप्रतिनिधी यांनी अभ्यासावी अशी आहे.

कोंडीत सापडलेले निर्वासित

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. त्याच महिन्याच्या १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएट सैन्य त्या देशात शिरले. हजारो पोलिश ज्यू शेजारच्या लिथुआनियात आश्रयास आले. परंतु जून १९४० मध्ये सोव्हिएट सैन्याने लिथुआनियाही व्यापला. पश्चिमेकडे जर्मन सत्ता असल्याने सोव्हिएट प्रदेश ओलांडून जपानमार्गे अन्यत्र जाणे, हाच मार्ग मुख्यतः उरला.

त्यासाठी सोव्हिएट देशातून बाहेर पडण्याचा परवाना आणि जपानमधून पुढे जाण्याचा व्हिसा हवा होता. मात्र अंतिम मुक्कामाचा देश कागदोपत्री दाखविल्यावाचून या दोहोंचा मार्ग मोकळा होत नव्हता. निर्वासितांना स्वीकारावयास तर कोणताच देश सहजी तयार नव्हता.

व्यापारी पेढीतील वाणिज्यदूत

कौनास शहरात यान झ्वार्टेनडाइक नावाचे डच गृहस्थ फिलिप्स कंपनीचा कारभार पाहत असत. १८९६ साली रॉटरडॅम येथे जन्मलेले हे गृहस्थ पेशाने व्यापारी होते; मुत्सद्देगिरीशी त्यांचा संबंध नव्हता. मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड जिंकला आणि पुढील महिन्यात रिगा येथील डच राजदूत डी डेकर यांनी कौनासच्या वाणिज्यदूताचे काम तात्पुरते त्यांच्याकडे सोपविले.

पोलंडहून आलेल्या, मूळच्या डच असलेल्या एका स्त्रीने डच वसाहतींत जाण्याविषयी डी डेकर यांच्याकडे विचारणा केली. कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेटावर जाण्यास व्हिसा लागत नसे. तेथील गव्हर्नरची परवानगी मात्र लागे आणि ती क्वचितच मिळे. डी डेकर यांनी तिच्या पारपत्रावर केवळ पहिला भाग लिहिला : सुरिनाम, क्युरासाव इत्यादी डच प्रदेशांत प्रवेशासाठी व्हिसाची आवश्यकता नाही. परवानगीचा उल्लेख त्यांनी गाळला.

झ्वार्टेनडाइक यांनी तेच अर्धे वाक्य इतर निर्वासितांनाही लिहून देण्यास सुरुवात केली. वार्ता पसरली आणि त्यांच्या कार्यालयापुढे रांगा लागल्या. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत, अवघ्या दहा-अकरा दिवसांत, त्यांनी असे दोन हजारांहून अधिक दाखले दिले. पुढे सोव्हिएट अधिकाऱ्यांनी कार्यालय बंद करविले.

त्याच शहरातील जपानी वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी या नोंदीच्या आधारे जपानमार्गे प्रवासाचे व्हिसे दिले. अटी काटेकोरपणे पाळाव्यात, ही टोकियोची सूचना त्यांनी बाजूस सारली. कागदांची साखळी जुळली. निर्वासित रेल्वेने सैबेरिया ओलांडून व्लादिव्होस्टॉकला व तेथून बोटीने जपानच्या त्सुरुगा बंदरात उतरले. पुढे कोणी अमेरिकेस गेले, कित्येक शांघायमध्ये राहिले. क्युरासावला पोहोचण्याची वेळ जवळजवळ कोणावरच आली नाही. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य लिथुआनियात शिरले आणि तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक ज्यूंची हत्या झाली.

मौन आणि मान्यता

झ्वार्टेनडाइक १९४० मध्येच जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये परतले व फिलिप्सच्या नोकरीत राहिले. कौनासमधील कामगिरीचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही. उलट १९६० च्या दशकात, नियम मोडल्याबद्दल त्यांना डच परराष्ट्र खात्याकडून बोल ऐकावे लागले. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने १९९७ मध्ये त्यांचा मरणोत्तर गौरव केला. २०१८ मध्ये कौनास येथे त्यांचे स्मारक उभे राहिले.

या हकिगतीवरून नियम ऐच्छिक असतात, असा अर्थ कोणी काढू नये. दैनंदिन कारभारात नियम हाच दुर्बलाचा आधार असतो; तो वाकविला गेला की लाभ बहुधा सबळाचाच होतो. येथे वाक्य गाळणाऱ्यास लाभ कोणताच नव्हता, धोका मात्र होता. आणि समोरच्या माणसास दुसरे दार उरले नव्हते. हा भेद ध्यानी घेतला पाहिजे.

शिक्षकांनी व प्रशिक्षण वर्गांच्या संचालकांनी हा प्रसंग सांगताना एक प्रश्न अवश्य विचारावा : झ्वार्टेनडाइक यांनी ते वाक्य पूर्ण लिहिले असते तर काय झाले असते? त्यांच्या कामात कोणासही दोष काढता आला नसता. आणि त्या दोन हजार कागदांचा कोणासही उपयोग झाला नसता.